जादा माल उतरवायचा कुठे?

मोटार वाहन कायद्याचं 114 वं कलम छोटं आहे. एखादी मालगाडी जादा भरलेली आहे असा संशय आला, तर अधिकृत अधिकारी ती काट्यावर न्यायला लावू शकतो. काटा गाडीच्या पुढच्या वाटेपासून दहा किलोमीटरच्या आत हवा, किंवा माल जिथे पोचायचा तिथून वीस किलोमीटरच्या आत. वजन मर्यादेबाहेर निघालं, तर अधिकाऱ्यानं लेखी हुकूम द्यायचा: जादा माल चालकानं स्वतःच्या जोखमीवर उतरवावा आणि वजन मर्यादेत येईपर्यंत गाडी जागची हलवू नये.

हा हुकूम बजावायचा कसा, ते बघू. गाडी सहा चाकी, आत सिमेंट, पाच टन जादा. पाच टन म्हणजे पन्नास किलोची शंभर पोती. रात्रीचे दोन वाजलेत. क्लीनर ठेवणं मालकाला परवडत नाही, म्हणून चालक एकटाच. हमाल मिळाले तर सकाळी, तेही जवळच्या गावात. शंभर पोती रस्त्याकडेला रचली तर राखायची कुणी? पाऊस आला आणि सिमेंटचा दगड झाला तर भरपाई कुणी द्यायची? माल एकाचा, गाडी दुसऱ्याची, बुकिंग तिसऱ्यानं केलेलं आणि जोखीम कायद्यानं चौथ्याच्या, म्हणजे पगारी चालकाच्या गळ्यात घातलेली. हुकूम देणाऱ्याकडेही गोदाम नाही, हमाल नाहीत, क्रेन नाही. मग व्हायचं तेच होतं. पावती फाटते, किंवा ती न फाटताच कुणाचे तरी हात ओले होतात, आणि गाडी आहे त्याच वजनानिशी पुढच्या घाटाला लागते.

मालवाहतुकीतल्या ढिलाईचा विषय निघाला की चर्चा लगेच चिरीमिरीवर येते. ते खोटं नाही. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या भारतातल्या शाखेनं 2006-07 च्या सुमारास करवलेल्या पाहणीत ट्रकवाहतुकीतल्या लाचेचा वर्षाचा अंदाज 22 हजार कोटी रुपयांच्या आसपास निघाला होता. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या 2020 मधल्या अहवालात तो 48 हजार कोटींच्या घरात गेला. पण एवढ्यानं कोडं सुटत नाही. दारू पिऊन स्टिअरिंगवर बसलेल्याला ‘दंड भर आणि तसाच पुढे जा’ असं कुठलंही सरकार कागदावर सांगत नाही. जादा वजनाच्या गाडीला मात्र बरीच वर्षं नेमकं तेच सांगितलं गेलं, रीतसर अधिसूचना काढून. वजनाचा नियमच इतका सहज पैशांत का वळतो, हे कळायला त्याचं कूळ शोधावं लागतं.

रस्त्यावरून जाणाऱ्या मालाकडे सरकारनं पहिल्यापासून उत्पन्नाच्या नजरेनं पाहिलं. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात, 1830 मध्ये, बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि कोकण-देश वाहतुकीवर पथकर बसला. पुढे 1875 मध्ये मुंबई इलाख्यानं रस्ते आणि पुलांवरच्या टोलसाठी स्वतंत्र कायदाच केला. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी खडीचे रस्ते उकरले जात, ही इंजिनिअरांची जुनी तक्रार होती. बैलगाडीनं किती वजन न्यावं यावर मात्र फारसं कुणी डोकं चालवलं नाही. बैलाच्या ताकदीनंच ती मर्यादा घातलेली होती.

ही नैसर्गिक मर्यादा मोटारीनं मोडली. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली 1927 मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि 1929 मध्ये केंद्रीय रस्तेनिधी उभा राहिला. इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनिअरांची संस्था 1934 मध्ये स्थापन झाली, तीही याच समितीच्या विचारातून. जयकर समितीचा सूर रस्ते वाढवण्याचा होता. पण तेवढ्यात जागतिक मंदी आली, रेल्वेची कमाई आटली आणि रेल्वेच्या धन्यांना रस्त्यावरची लॉरी डोळ्यांत खुपू लागली.

1932 मध्ये सरकारनं मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रस्ते-रेल्वे स्पर्धेची चौकशी करायला सांगितलं. 1933 च्या एप्रिलमध्ये सिमल्याला रस्ते-रेल्वे परिषद भरली. 1936-37 मध्ये वेजवुड समितीनं रेल्वेच्या कारभाराची तपासणी करताना मोटारवाहतुकीवरच्या ढिल्या नियंत्रणावर बोट ठेवलं. या सगळ्यातून 1939 चा मोटार वाहन कायदा आला. आज आपण ज्याला नुसतं ‘आरटीओ’ म्हणतो, त्या व्यवस्थेचा सांगाडा या कायद्यानं घातला. प्रादेशिक परिवहन प्राधिकरणं स्थापन झाली आणि मालगाडीला परमिटाशिवाय धंदा करणं बंद झालं. वजनाची मर्यादा, काट्यावर नेण्याचा अधिकार, गाडीची तपासणी ही कलमंही त्यात होती. पण यंत्रणेचा कणा होता परमिट, आणि परमिटाचा हेतू होता लॉरीनं रेल्वेच्या ताटातलं किती खावं हे ठरवणं. महायुद्ध संपता संपता, 1945 मध्ये, केंद्रानं प्रांतांसाठी एक आचारसंहिता ठरवली. तिचा मथितार्थ असा, की 75 मैलांच्या आत लॉरीला मोकळीक द्यावी. त्यापुढे परमिट देताना रेल्वेला किती धक्का बसतो ते पाहावं.

यातून अधिकाऱ्यांची जी पिढी तयार झाली, तिला गाडी थांबवून पहिला प्रश्न विचारायची सवय लागली ती ‘कागद कुठेत?’ हा. परमिट कुठल्या भागाचं, कर भरला का, हद्द ओलांडली का. गाडीचे ब्रेक, चालकाची झोप आणि हौद्यातलं वजन हे प्रश्न नंतरचे. कागद बघायला कंदील पुरतो. वजन बघायला काटा लागतो, आणि काटे फार थोड्या ठिकाणी होते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं उतारूंची वाहतूक स्वतःच्या हाती घेतली. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. मालवाहतुकीला सरकारनं हात लावला नाही. ती युद्धातून उरलेल्या लष्करी लॉऱ्या विकत घेणाऱ्या, घरचं सोनं मोडून एखादी गाडी उभी करणाऱ्या मोटारमालकांच्या हाती राहिली. आजही देशातले बहुसंख्य मालक पाचाहून कमी गाड्यांचे आहेत. कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात डॉज ट्रक जोडले जाऊ लागले. 1954 मध्ये टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन दशकांत ‘टाटा’ हा ट्रकचा जवळजवळ प्रतिशब्द झाला.

या गाड्या कागदावरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ओढत. मालकानं गाडी घेतली की ती आधी गॅरेजला जाई. मागच्या कमानीत दोन-चार पाटे वाढवले जात, हौद्याच्या बाजू उंचावल्या जात, फाळका जाड केला जाई. गाडीचं पासिंग नऊ टनांचं असलं तरी ती पंधरा टन झेलेल अशी तयारी पहिल्याच दिवशी होई. भाडं टनावर ठरत असल्यानं हिशेब सरळ होता. डिझेल, चालकाचा भत्ता, टायरची झीज, बँकेचा हप्ता एवढं निघाल्यावर नऊ टनांत मालकाच्या हाती जे उरे, त्यात घर चालत नसे. वरच्या पाच-सहा टनांत ते चाले. एकानं जादा भरलं की दुसऱ्याला भरावंच लागे, कारण भाड्याचा बाजारभाव आता जादा भरणाऱ्यांच्या हिशेबानं उतरलेला असे. नियम पाळणारा मालक तोट्यात जाई आणि गाडी विकून मोकळा होई.

परमिटांचा फास सैल करावा असं 1959 मध्ये मिनू मसानी यांच्या समितीनं सांगितलं. 1975 मध्ये नॅशनल परमिट आलं. रेल्वेला वाचवण्याचा मूळ हेतू हळूहळू विरून गेला. आज देशातला सुमारे दोन तृतीयांश माल रस्त्यानं जातो. पण ज्या कामासाठी यंत्रणा घडवली होती ते काम संपलं, तरी तिची सवय तशीच राहिली.

इकडे इंजिनिअरांना मात्र वजनाचं खरं मोल कळलं होतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑटावा गावाजवळ 1958 ते 1960 अशी दोन वर्षं एक प्रचंड प्रयोग चालला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या वेढ्यांवर लष्कराचे चालक ठरावीक वजनाचे ट्रक रात्रंदिवस फिरवत राहिले आणि रस्ता कुठे, कधी, किती खचतो ते मोजलं गेलं. त्यातून निघालेला ठोकताळा जगभर वापरला जातो. एका अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही. ते साधारण सोळापट होतं. भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्ता झिजतो.

हे आपल्या गाडीला लावून बघू. भारतात रस्त्याची जाडी ठरवताना 8.16 टनांचा अ‍ॅक्सल प्रमाण मानतात. 1996 च्या अधिसूचनेनं मागच्या चार टायरी अ‍ॅक्सलवर 10.2 टनांची आणि सहा चाकी गाडीवर एकूण 16.2 टनांची मर्यादा घातली होती. याच अ‍ॅक्सलवर पंधरा टन पडले, तर कायदेशीर गाडीच्या साडेचारपटीहून जास्त आणि प्रमाण अ‍ॅक्सलच्या अकरापटीहून जास्त नुकसान होतं. म्हणजे मालकाला एका खेपेत दीडपट माल मिळतो आणि त्यासाठी रस्त्याचं आयुष्य साडेचार खेपांचं खर्च होतं. मधला फरक भरतो करदाता. पावसाळ्यानंतर रस्त्याची चाळण झाली की आपण ठेकेदाराच्या डांबराला शिव्या घालतो. डांबरात खोट असतेही. पण ज्या भारासाठी रस्ता आखला, त्याच्या कितीतरी पट भार त्यावरून रोज जात असेल, तर चोख डांबरही मुदतीआधी उखडणार.

गाडीचंही तेच. ब्रेक, टायर, स्टिअरिंग हे ठरावीक वजनासाठी बनवलेले असतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता पुण्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे, तो तिथल्या अपघातांमुळे. लांब उतारावर जड गाडीचा चालक सतत ब्रेकवर पाय ठेवतो, लायनर तापतात आणि पकड सुटते. डिझेल वाचवायला कुणी गाडी न्यूट्रलला टाकली की मग सगळा भार ब्रेकवरच. त्यात हौद्यात पाच-सात टन जादा असले, तर गाडी थांबवणं चालकाच्या हातात राहत नाही.

मग इतकी वर्षं या गाड्या कुणी अडवल्याच नाहीत का? अडवल्या, आणि हवं त्यापेक्षा जास्त अडवल्या. या देशात ट्रक थांबवायला कधीच माणसं कमी पडली नाहीत. मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक मालगाडीला दहिसर, मुलुंड, मानखुर्द, ऐरोली अशा नाक्यांवर जकातीसाठी रांग लावावी लागे. गावोगावच्या पालिकांची जकात वेगळी, विक्रीकराचं नाकं वेगळं, वनखात्याचं वेगळं, आरटीओचं वेगळं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्तेवाहतूक कर चौकशी समितीनं 1967 च्या अहवालात जकात आणि नाकी बंद करा असं सांगितलं होतं. मुंबईतली जकात गेली ती 1 जुलै 2017 ला, जीएसटीबरोबर. मधल्या पन्नास वर्षांत नाक्यांवर उभ्या राहिलेल्या गाड्यांचे तास कुणी मोजले असते, तर त्यात एक समांतर अर्थव्यवस्था सापडली असती. पण या नाक्यांवर गाडी थांबायची ती कागद आणि पैशांसाठी. वजन ही ज्याची-त्याची खासगी बाब होती.

राज्याच्या सीमांवर 22 ठिकाणी अद्ययावत, काटे बसवलेली तपासणी नाकी उभारायचं महाराष्ट्रानं ठरवलं, तेव्हा वजनाला पहिल्यांदा खरी जागा मिळाली. पण जादा भरलेल्या गाड्यांतला मोठा हिस्सा राज्याबाहेर जातच नाही. नदीपात्रातून शहरात येणारी वाळू, क्रशरवरून साइटवर जाणारी खडी, फडातून कारखान्यावर जाणारा ऊस या मालाला सीमा लागत नाही. सीमेवरच्या काट्याला तो दिसणारच नाही.

1988 च्या मोटार वाहन कायद्यानं मर्यादा आणि दंड नव्यानं मांडले. 1994 च्या दुरुस्तीनं जादा वजनासाठी किमान 2,000 रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे 1,000 रुपये दंड ठरला. शिवाय माल उतरवण्याचा खर्च गुन्हेगाराच्या माथी. म्हणजे पाच टन जादा निघाले तर 7,000 रुपये आणि माल खाली. दोन्ही अटी मिळून हा नियम चांगला कडक होतो. पण त्याच कायद्याच्या 200 व्या कलमात काही गुन्हे तडजोडीनं, ठरलेली रक्कम भरून मिटवण्याची सोय आहे. अनेक राज्यांनी तिच्या आधारे अधिसूचना काढल्या आणि जादा वजनाचे दर ठरवून टाकले. रक्कम भरली की गुन्हा मिटला, आणि गुन्हा मिटला म्हणून गाडी त्याच वजनानं पुढे निघाली. माल उतरवण्याची अट कागदावरूनच गळाली. तिजोरीला उत्पन्न मिळालं, वाहतूकदाराला निश्चित खर्च कळला, अधिकाऱ्याचं उद्दिष्ट पूर्ण झालं. नुकसान फक्त रस्त्याचं आणि रस्त्यावरच्यांचं.

नोव्हेंबर 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परमजीत भसीन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात हा मार्ग बंद केला. तडजोड शुल्क भरल्यानं आधी घडलेला गुन्हा मिटतो, पुढे तोच गुन्हा करत राहण्याचा परवाना मिळत नाही. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ शकत नाही, असं न्यायालयानं बजावलं. निकालाचा परिणाम झाला. काही काळ अंमलबजावणी कडक झाली, भाडी वाढली आणि दहा चाकी, बारा चाकी गाड्यांची मागणी वाढली. तेवढाच माल जास्त चाकांवर वाटून न्यायचा, हा बदल नियमाला अपेक्षितच होता. दट्ट्या खरा असला की बाजार आपोआप सुधारतो, याचा हा पुरावा. पण निकालानं माल उतरवा म्हटलं तरी उतरवायला जागा कुणी बांधली नाही. जोर ओसरला तशी गाडी जुन्या रुळावर आली.

पुढे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या रस्तासुरक्षा समितीनं राज्यांना सांगितलं, की मालगाडी जादा भरली असेल तर चालकाचा परवाना किमान तीन महिने निलंबित करा. हेतू चांगला होता. पण गाडीत किती माल भरायचा हे चालक ठरवत नाही. परवाना गेला तर त्याची रोजी जाते आणि मालक त्या जागी दुसऱ्याला बसवतो. याच चालकासाठी 1961 मध्ये मोटार परिवहन कामगार कायदा झाला. दिवसाला आठ, आठवड्याला 48 तास काम अशी अट त्यानं घातली. मुंबई-कोलकाता खेप मारणाऱ्या एखाद्या चालकाला ही अट सांगून पाहा, तो हसेल. चालकाच्या बाजूचा नियम कुणी बघत नाही, चालकाच्या विरुद्धचा तेवढा लागू होतो.

जुलै 2018 मध्ये सरकारनं वेगळी वाट धरली. मालवाहतूकदारांच्या देशव्यापी संपाच्या तोंडावर अधिसूचना निघाली आणि मर्यादाच वाढवली गेली. चार टायरी अ‍ॅक्सल 10.2 वरून 11.5 टनांवर गेला, सहा चाकी गाडी 16.2 वरून 18.5 वर, दहा चाकी 25 वरून 28.5 वर आणि सर्वांत जड गाड्या 49 वरून 55 टनांवर. कारणं दिली गेली ती चुकीची नव्हती: गाड्या सुधारल्या, रस्ते सुधारले, जगात इतरत्र मर्यादा जास्त आहेत, वाहतुकीचा खर्च कमी व्हायला हवा. पण चौथ्या घाताचा हिशेब लावला तर अ‍ॅक्सलवर पावणेतेरा टक्के वजन वाढलं की रस्त्याची झीज सुमारे साठ टक्क्यांनी वाढते. काल गुन्हा असलेलं वजन आज कायदेशीर झालं, आणि जादा भरायची सवय असलेल्यांनी नवी मर्यादा हा नवा पाया धरला. रस्त्यावरची मालवाहू क्षमता एका फटक्यात वाढली. पुढच्या वर्षी नव्या ट्रकचा खप कोसळला, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं.

2019 च्या दुरुस्तीनं किमान दंड दहापट आणि टनामागचा दुप्पट केला. आता किमान 20,000 रुपये आणि जादा टनामागे 2,000. मघाची पाच टनांची गाडी 7,000 वरून 30,000 वर गेली. वजन करायला नकार दिला किंवा काट्याआधीच माल उतरवून टाकला, तर दंड 40,000. देशात हे 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालं. महाराष्ट्रानं मात्र वाढीव दंडाला हात आखडता घेतला आणि राज्यात नवे दर प्रत्यक्ष आले ते डिसेंबर 2021 मध्ये. दंड एवढा वाढला म्हणून पकडले जाण्याची शक्यता वाढली नाही. काटे तेवढेच, माणसं तेवढीच. उलट दंड आणि चिरीमिरी यांतलं अंतर रुंदावलं, म्हणजे सौद्याला जागा वाढली.

आता एक गाडी जरा जवळून बघू: क्रशरवरून निघालेला दहा चाकी हायवा. महाराष्ट्रात खडी, वाळू, मुरूम हे सगळं ब्रासवर चालतं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. खडीचा ब्रास साधारण सव्वाचार टनांचा, ओली वाळू त्याहून जड. हायवाचं कायदेशीर एकूण वजन 28.5 टन. रिकाम्या गाडीचे अकरा-बारा टन वजा केले की मालाला सोळा-सतरा टन उरतात. म्हणजे चार ब्रास जेमतेम. पण भाव ठरतो ब्रासवर, साइटवरचा सुपरवायझर हौदा मोजतो ब्रासवर, आणि पाच ब्रासची गाडी ही रोजच्या व्यवहारातली मामुली गोष्ट आहे. सरकारचा एक डोळाही ब्रासच बघतो. महसूल खातं गौण खनिजाचं स्वामित्वधन ब्रासवर घेतं. गाडी विनापरवाना निघाली तर तहसीलदार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या 48 (7) कलमाखाली दंड करतो. रॉयल्टीची पावती खरी असेल तर त्याच्या लेखी गाडी निर्दोष. ती पाच ब्रास म्हणजे एकवीस टन आहे, हे बघणं आरटीओचं काम. तो रस्त्यावर असेल तर. एकाच गाडीवर दोन खात्यांची नजर असते, पण एक घनफूट मोजतं आणि दुसरं टन, आणि दोघांचे कागद सहसा एकत्र वाचले जात नाहीत. यातली बरीच खडी जाते सरकारी रस्त्यांच्याच कामावर. रस्ता बांधायला येणारी गाडी वाटेतला रस्ता मोडत येते.

उसाचं चित्र आणखी बोलकं आहे. हंगामात कारखान्याच्या काट्यावर रोज शेकडो ट्रॅक्टर, ट्रक आणि बैलगाड्या चढतात. प्रत्येकाचं भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ, क्रमांक यांची छापील नोंद होते. वाहतुकीचा दर टनावर असल्यानं वाहनमालक दोन्ही ट्रॉल्या शिगोशीग भरतो. या काट्यावर सरकारचं लक्ष नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. दरवर्षी भरारी पथकं जातात, वैध मापन शास्त्राचे निरीक्षक प्रमाण वजनं ठेवून काटा तपासतात. कारण शेतकऱ्याची तक्रार असते काटामारीची, म्हणजे वजन कमी दाखवल्याची. ती रास्तच आहे. पण त्याच काट्यावर रोज हंगामभर दुसऱ्या एका गुन्ह्याची छापील कबुली जमा होत असते आणि ती मागायला कुणी येत नाही. सिमेंट, पोलाद, साखर, खत यांच्या प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर असाच काटा आहे. माल भरला की वजन होतं, पावती फाटते, मगच फाटक उघडतं. जादा वजनाचा पुरावा गुन्हा घडण्याआधीच तयार असतो.

कायद्याला हे अनोळखी नाही. दंडाचं 194 वं कलम गाडी चालवणाऱ्यापुरतं थांबत नाही. चालवायला लावणारा आणि चालवू देणारा यांनाही ते धरतं. चालक मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या हुकमानं किंवा त्याला ठाऊक असताना घडला असं न्यायालयानं गृहीत धरावं, अशी मुभा 113 व्या कलमात आहे. 2007 च्या रस्तेमालवाहतूक कायद्यानं ट्रान्सपोर्टवाल्याला नोंदणी सक्तीची केली आणि गाडीच्या नोंदणीतल्या एकूण वजनापलीकडे माल भरण्यास मनाई केली. तीन हत्यारं कपाटात आहेत आणि वापरात एकच: रस्त्यावर चालकाला गाठून पावती फाडणं.

रस्त्यावर अडवलेल्या गाडीतला जादा माल कुठे उतरवायचा, याचं सोयीचं उत्तर सापडणार नाही, कारण तो चढायलाच नको होता. फाटकाच्या आत हमाल आहेत, लोडर आहेत, गोदाम आहे, काटा आहे. दोन टन खाली घ्यायला तिथे दहा मिनिटं लागतात. फाटकावरच्या काट्यात गाडीच्या नोंदणीचं वजन भरावं, त्यापलीकडे पावती निघू नये, आणि निघालीच तर नोटीस कारखान्याच्या, क्रशरच्या, बुकिंग करणाऱ्याच्या नावानं जावी. याला नवा कायदा लागत नाही आणि रात्री दोन वाजता माणूसही उभा करावा लागत नाही. हे आजवर झालं नाही, कारण रस्त्यावरचा चालक एकटा असतो आणि फाटकाच्या आत साखर कारखान्याचं संचालक मंडळ, क्रशरमालक, सरकारी कामाचा ठेकेदार असे लोक असतात. 1939 मध्ये वाहतुकीचे नियम करताना सरकारनं रेल्वेच्या धन्यांकडे पाहिलं होतं. आज ते माल भरणाऱ्या धन्यांकडे पाहतं. पुढच्या वेळी जादा वजनाविरुद्ध मोहिमेची घोषणा झाली, की किती गाड्यांना दंड केला हा आकडा विचारूच नये. किती फाटकांवर नोटीस गेली, तेवढं विचारावं.